श्वास, त्वचा आणि मन : अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांचे मानसिक आरोग्य

लक्ष्मीबाई नगर व परिसरातील मराठी कुटुंबांसाठी आणि आरोग्य केंद्रात येणाऱ्या पालकांसाठी माहितीपत्रिका

लक्ष्मीबाई नगर, सरोजिनी नगर, किदवई नगर, नेताजी नगर या दिल्लीतील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वसाहतींत दरवर्षी बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून अनेक कुटुंबे येतात. मोठ्या माणसांना नवे कार्यालय आणि नवे घर मिळते. मुलांच्या वाट्याला मात्र नवी शाळा, नवी भाषा, नवे सोबती आणि दिल्लीची हवा एकाच वेळी येते. गावी वर्षातून एकदोनदा सर्दी होणारे मूल येथे पहिल्याच हिवाळ्यात रात्री खोकत उठू लागते. पुढे ते चिडचिडे होते, अभ्यासात मागे पडते, खेळायला जायचे टाळते. खोकल्यासाठी आपण त्याला डॉक्टरांकडे नेतो, आणि चिडचिडीसाठी रागावतो.

या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच दुखण्याच्या दोन बाजू असतात, हे पालकांच्या ध्यानात यावे यासाठी ही पत्रिका आहे. मुलाला अ‍ॅलर्जी असेल तर त्याच्या मनाची विचारपूस करावी. मूल उदास, अस्वस्थ किंवा लक्ष न लागणारे झाले असेल तर त्याचे नाक, छाती आणि त्वचाही तपासून घ्यावी.

अ‍ॅलर्जी म्हणजे काय?

आपल्या शरीरातील प्रतिकारयंत्रणा रोगजंतूंशी लढण्यासाठी असते. काही मुलांमध्ये ही यंत्रणा धूळ, परागकण, बुरशी, झुरळांचे अवशेष किंवा एखादा अन्नपदार्थ अशा इतरांना निरुपद्रवी असणाऱ्या वस्तूंनाही शत्रू समजते. त्यातून हिस्टामिन व इतर द्रव्ये स्रवतात आणि शरीराच्या ज्या भागात ही क्रिया घडते तेथे सूज येते.

- नाकात घडल्यास सतत शिंका, पाण्यासारखी सर्दी, नाक चोंदणे, डोळ्यांना खाज.
- श्वासनलिकांत घडल्यास दमा, म्हणजे खोकला, छातीत शिटीसारखा आवाज, धाप. रात्री व पहाटे हा त्रास वाढतो.
- त्वचेवर घडल्यास इसब, म्हणजे कोपराच्या व गुडघ्याच्या वळणात, मानेवर कोरडी, लाल, खाजरी त्वचा. किंवा अंगावर पित्त उठणे.
- अन्नामुळे घडल्यास ओठ सुजणे, अंगावर गांधी येणे, उलट्या, क्वचित जिवावर बेतणारी तीव्र प्रतिक्रिया.

पुष्कळ मुलांमध्ये हे विकार एकामागून एक येतात. तान्हेपणी इसब, शाळेत जाऊ लागल्यावर दमा, पुढे नाकाची अ‍ॅलर्जी, असा क्रम दिसतो. आई किंवा वडील यांना असा त्रास असल्यास मुलाला तो होण्याची शक्यता वाढते. यांतील कोणताही विकार संसर्गजन्य नाही. अशा मुलाच्या शेजारी बसल्याने किंवा त्याचा हात धरल्याने दुसऱ्याला काही होत नाही.

शरीराचे दुखणे मनापर्यंत कसे पोहोचते?

*झोपेच्या वाटेने.* खाज आणि खोकला रात्री बळावतात. नाक चोंदलेले मूल तोंडाने श्वास घेते, घोरते, वारंवार कूस बदलते. सकाळी ते आठ-नऊ तास अंथरुणात होते असे दिसते, पण त्याची गाढ झोप झालेली नसते. अशी झोप आठवडेच्या आठवडे मोडत राहिली की स्मरणशक्ती, एकाग्रता आणि संयम ढळू लागतो. ‘आळशी’, ‘उनाड’, ‘धांदरट’ ही विशेषणे कित्येकदा न झोपलेल्या मुलाला लावलेली असतात.

*भीतीच्या वाटेने.* श्वास अडकणे हा मुलाला येणारा अत्यंत भयंकर अनुभव आहे. एकदा तो आल्यावर ‘पुन्हा रात्री असे झाले तर?’ हा प्रश्न त्याच्या मनात घर करतो. काही मुले एकटी झोपायला घाबरतात, काही शाळेच्या सहलीला जाण्यास नकार देतात. या नकारामागचे कारण ती बहुधा सांगत नाहीत.

*लाजेच्या वाटेने.* वर्गात नाक पुसत बसणे, हातावरच्या खाजेच्या खुणा, चारचौघांत पंप ओढणे यांवरून मुले एकमेकांना चिडवतात. मग मूल पंप दप्तरात दडवते, बाही खाली ओढते, मैदानातून काढता पाय घेते.

*एकटेपणाच्या वाटेने.* हवा बिघडली की खेळ बंद, पाहुण्यांकडे कुत्रा असला की जाणे बंद, वाढदिवसाला आइस्क्रीम बंद. प्रत्येक बंदी वेगळी पाहिली तर रास्त वाटते. सगळ्या एकत्र आल्या की मुलाचे बालपण आकसते. बदलीमुळे जुने सोबती आधीच दूर राहिलेले असतील तर हा एकटेपणा दुणावतो.

दमा असलेल्या मुलांमध्ये चिंतेचे विकार आणि इसब असलेल्या मुलांमध्ये उदासीनता व एकाग्रतेच्या अडचणी इतर मुलांपेक्षा अधिक आढळतात, हे जगभरातील अभ्यासांतून दिसून आले आहे. आपल्या देशातील २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. चाळीस जणांच्या वर्गात हे प्रमाण जवळजवळ तीन मुलांचे भरते. ज्यांना दीर्घकाळचा शारीरिक आजार आहे, त्यांच्याकडे म्हणूनच अधिक लक्ष द्यावे लागते.

मनाचा ताण शरीरावर कसा उमटतो?

हा रस्ता दुहेरी आहे. घाबरलेले मूल भराभर आणि तोंडाने श्वास घेते. थंड, कोरडी हवा थेट छातीत जाते आणि आधीच सुजलेल्या नलिका आणखी आवळतात. जोराचे रडणे आणि खूप हसणे यांनीही दम्याची उबळ येऊ शकते. तणावात खाज वाढते, खाजवल्याने त्वचा फाटते, फाटलेल्या त्वचेमुळे खाज आणखी वाढते. उदास मूल औषध घेण्यास कंटाळते, आणि औषध चुकले की आजार उसळतो.

याचा अर्थ ‘दमा मनाचा खेळ आहे’ असा कोणीही करू नये. एके काळी वैद्यकातही दम्याचे मूळ आईच्या वागण्यात शोधले जात असे. ती कल्पना आता पूर्णपणे मागे पडली आहे. दमा हा श्वासनलिकांचा खराखुरा आजार आहे, मनाच्या ताणाने तो बळावतो इतकेच. मुलाला अ‍ॅलर्जी झाली यात आईचा, वडिलांचा किंवा मुलाचा दोष नसतो.

दिल्लीचे ऋतुमान ओळखून ठेवा

महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांना दिल्लीचे ऋतू परके असतात. कोणत्या महिन्यात काय येते हे ठाऊक असले की पूर्वतयारी करता येते.

- फेब्रुवारी ते एप्रिल : वावळ (येथे ज्याला पापडी किंवा चिलबिल म्हणतात), तुती आणि रिजवर पसरलेली वेडी बाभूळ यांच्या परागकणांचा काळ. नेमक्या याच दिवसांत वार्षिक आणि बोर्डाच्या परीक्षा असतात. चोंदलेले नाक, मोडलेली झोप आणि परीक्षेची धास्ती एकत्र येतात. नेहमीचे औषध जानेवारीतच डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.
- मे व जून : धुळीची वादळे, कुलरच्या ओल्या ताट्यांवर वाढणारी बुरशी, आणि बदल्यांचा हंगाम. कुलर सुरू करण्यापूर्वी ताट्या बदलाव्यात, पाणी नियमित काढून टाकी घासावी.
- जुलै ते सप्टेंबर : दमट हवा, भिंतींची ओल, झुरळे आणि गाद्या-उशांतील सूक्ष्म धूळकीटक.
- सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर : गवताचे व तणांचे परागकण, गाजरगवत, दिवाळीचे फटाके आणि शेतातील पिकांचे अवशेष जाळल्याचा धूर.
- डिसेंबर व जानेवारी : धुरके, बंद खोल्या, वर्षभर पेटीत ठेवलेल्या रजया. रजई वापरण्यापूर्वी चांगले ऊन द्यावे आणि खोळ ५५ अंश सेल्सिअसहून गरम पाण्यात धुवावी. बंद खोलीत अंगीठी कधीही पेटवू नये. तिच्या विषारी वायूने झोपेतच प्राण जाऊ शकतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साहाय्याने दिल्लीतील ३६ शाळांतील ११,६२८ मुलांची पाहणी केली होती. त्यांपैकी सुमारे ३२ टक्के मुलांमध्ये श्वसनाच्या त्रासाची लक्षणे होती. तुलनेसाठी घेतलेल्या ग्रामीण मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. याच संस्थेतील संशोधकांना दिल्लीच्या मुलांमध्ये चंचलता व लक्ष न लागणे यांचे प्रमाणही अधिक आढळले. धूर हेच त्याचे एकमेव कारण, असे यावरून म्हणता येत नाही. तथापि दूषित हवेत वाढणाऱ्या मुलांची छाती आणि वागणूक या दोहोंकडे लक्ष ठेवावे, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा.

हवा गुणवत्ता निर्देशांक २०० पर्यंत असेल आणि मुलाचा दमा आटोक्यात असेल तर त्याने खेळण्यास हरकत नाही. मात्र १०० च्या वर गेल्यावर खोकला किंवा धाप दिसते का, याकडे लक्ष ठेवावे. २०१ ते ३०० म्हणजे ‘खराब’ हवेत धावपळीचे खेळ कमी करावेत. ३०० च्या वर घरातच थांबावे. घरात थांबणे म्हणजे पडद्यासमोर एकट्याने बसणे असे होऊ देऊ नये. शेजारच्या मुलांना बोलावून कॅरम, बुद्धिबळ किंवा पत्त्यांचा डाव मांडावा. सोबत हेही औषधच आहे.

वयानुसार खुणा ओळखा

*सहा वर्षांखालील मुले* मनातले शब्दांत सांगू शकत नाहीत. ती पुन्हा अंथरूण ओले करू लागतात, आईला चिकटून राहतात, विनाकारण रडतात, जेवण टाळतात.

*सहा ते बारा वर्षांची मुले* शाळेच्या वेळी पोट किंवा डोके दुखत असल्याचे सांगतात. गुण घसरतात, भांडणे वाढतात. आवडीचा खेळ सोडतात आणि विचारल्यास ‘कंटाळा आला’ म्हणतात.

*तेरा ते अठरा वर्षांची मुले* खोलीचे दार लावून बसतात, औषध घेतल्याचे खोटे सांगतात, मित्रांपासून तुटतात, रात्र जागतात. ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ अशी वाक्ये बोलतात. ही वाक्ये कधीही हसण्यावारी नेऊ नयेत.

यांपैकी काही खुणा दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्या आणि त्यामुळे शाळा, झोप, जेवण किंवा खेळ यांत अडथळा येऊ लागला, तर डॉक्टरांना भेटावे.

मुलाशी बोलावे कसे?

चौकशी उलटतपासणीसारखी वाटली की मूल मिटते. घरकाम करताना, बाजारातून चालत येताना, झोपण्यापूर्वी अंगाला मलम लावताना बोलणे सोपे जाते. पुढील प्रश्न उपयोगी पडतात :

- ‘रात्री जाग येते का रे? तेव्हा मनात काय येतं?’
- ‘धाप लागते तेव्हा सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?’
- ‘शाळेत पंप घ्यायला अवघड वाटतं का? कोणी काही बोलतं का?’
- ‘या आजारामुळे तुला करायची राहून गेलेली एखादी गोष्ट आहे का?’

उत्तर मिळाले की लगेच उपदेश करू नये. ‘त्यात काय घाबरायचं!’ या वाक्याने भीती जात नाही, फक्त सांगणे थांबते. ‘श्वास अडकला की कोणालाही भीती वाटते. आपण दोघं मिळून काय करायचं ते ठरवू,’ असे म्हणावे. आजी-आजोबा घरी असतील तर त्यांनाही या बोलण्यात सामील करून घ्यावे. मुलाचे मन त्यांच्यापाशी पुष्कळदा अधिक मोकळे होते.

मुलाला तळहाताच्या फोडासारखे जपणे स्वाभाविक आहे. परंतु सतत ‘धावू नकोस, धाप लागेल’ असे ऐकणारे मूल स्वतःला दुबळे समजू लागते. वयानुरूप थोडी जबाबदारी त्याच्याकडे सोपवावी. आठ वर्षांच्या मुलाने औषधाच्या वहीत खूण करावी, बारा वर्षांच्या मुलाने स्वतःचा पंप योग्य रीतीने घ्यावा, पंधरा वर्षांच्या मुलाने डॉक्टरांशी स्वतः बोलावे. आजारावर आपला काही ताबा आहे ही जाणीव चिंतेवर मोठा उतारा ठरते. देखरेख मात्र पालकांनी सोडू नये.

औषधे आणि मन : पालकांनी जाणून घ्यावे असे

अ‍ॅलर्जीवरील काही औषधांचा परिणाम झोपेवर व वागणुकीवर होतो. तो माहीत नसल्यास मुलाला उगाच दोष दिला जातो.

मॉन्टेलुकास्ट : दमा व सर्दीसाठी हे औषध अनेकदा लिव्होसेट्रिझीनबरोबर एकाच गोळीत किंवा सिरपमध्ये दिले जाते. बहुतेक मुलांना त्याचा त्रास होत नाही. काही मुलांमध्ये मात्र भयानक स्वप्ने, आक्रमकपणा, अस्वस्थता, उदासीनता आणि क्वचित आत्मघाताचे विचार आढळले आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये या औषधाच्या वेष्टनावर सर्वांत कडक स्वरूपाची सूचना बंधनकारक केली. हे औषध सुरू झाल्यानंतर मुलाच्या वागण्यात बदल दिसला तर विलंब न करता डॉक्टरांना कळवावे. दुकानातून जुन्या चिठ्ठीवर ते पुन्हा पुन्हा आणू नये.

सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या : क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझीन यांसारख्या औषधांनी गुंगी येते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात लक्ष लागत नाही. कमी गुंगी आणणारे पर्याय उपलब्ध आहेत. डॉक्टरांना विचारावे.

पोटातून घेण्याचे स्टेरॉइड : तीव्र उबळीत ती प्राण वाचवतात. काही दिवस भूक वाढणे, झोप न येणे, रडू किंवा राग येणे असे घडू शकते. औषध संपल्यावर हे सहसा निवळते.

सालब्युटामॉल : पंप घेतल्यावर काही वेळ हात थरथरतात, छाती धडधडते. मुलाला हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर ते घाबरते.

ओढून घ्यायचे स्टेरॉइड : दम्याच्या नियंत्रणाचा हाच मुख्य आधार आहे. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, तर पोटातील औषधाची मिलिग्रॅममध्ये. दीर्घकाळ घेतल्यास उंचीत साधारण एक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. आटोक्यात नसलेला दमाही मुलाची वाढ खुंटवतो, आणि जीवही धोक्यात घालतो. पंप स्पेसर लावून घ्यावा व नंतर चूळ भरावी.

कोणतेही नियमित औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. परीक्षेच्या दिवसांत ‘गुंगी येईल’ म्हणून पंप थांबवला जातो. पंपाने गुंगी येत नाही. पंप थांबल्याने मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री रुग्णालय गाठावे लागू शकते.

वावडे आणि ताटातील बंधने

मराठी घरात ‘अमुक पदार्थ याला वावडा आहे’ असे सहज म्हटले जाते. केळे, दही, भात, आंबट यांवर सर्दीच्या नावाखाली सरसकट बंदी येते. खरी अन्नाची अ‍ॅलर्जी सहसा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते आणि प्रत्येक वेळी दिसते. संशय असल्यास नोंद ठेवावी व डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी करावी. केवळ रक्तातील आयजीजी मोजून शंभर पदार्थांची यादी देणाऱ्या तपासण्यांवर विसंबून मुलाचे जेवण तोडू नये. अकारण बंधनांनी पोषण घटते आणि पंगतीत बसलेले मूल एकटे पडते.

अ‍ॅलर्जी सिद्ध झाली असेल तर मात्र तडजोड नको. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, चटणी, भरली वांगी यांतील कुटाची आठवण ठेवावी. गणपतीचा किंवा सत्यनारायणाचा प्रसाद देणाऱ्यांनाही आधी सांगावे. डबा वेगळा असला तरी जेवायची जागा वेगळी नसावी.

शाळेला विश्वासात घ्या

प्रवेश घेतानाच वर्गशिक्षकांना मुलाच्या आजाराची लेखी माहिती द्यावी : कशाने त्रास होतो, कोणते औषध कुठे ठेवले आहे, उबळ आल्यास काय करावे, कोणाला फोन करावा. मुलाला पंप वापरू देण्याची स्पष्ट विनंती करावी. कुलूपबंद कपाटातला पंप वेळेला उपयोगी पडत नाही. खेळण्याच्या आधी पंप घेण्याचा सल्ला असल्यास खेळाच्या शिक्षकांनाही सांगावे.

आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमांतर्गत, जो फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला, सहभागी शाळांत दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ म्हणून नेमले जातात. ते आपल्या शाळेत आहेत का, याची चौकशी करावी. चिडवण्याची तक्रार मुलाने केली तर ‘दुर्लक्ष कर’ एवढे म्हणून थांबू नये. शिक्षकांना भेटून वर्गात या आजाराबद्दल चार शब्द सांगण्याची विनंती करावी. मुले बहुधा अज्ञानाने चिडवतात, समजले की सांभाळून घेतात.

गैरसमज आणि वस्तुस्थिती

*‘पंपाची सवय लागते.’* पंपाचे व्यसन लागत नाही. चष्मा रोज लावावा लागतो, त्याला आपण व्यसन म्हणत नाही.

*‘मुलीला दमा आहे हे सांगू नये, पुढे लग्नाला अडचण येईल.’* लपवलेल्या आजाराचे औषध चुकते. मुलीच्या मनात आपल्यात काही उणे आहे हे ठसते, ते वेगळेच.

*‘मृगाच्या सुमारास हैदराबादला मासा गिळला की दमा जातो.’* याला शास्त्रीय पुरावा नाही. अशा कोणत्याही उपायाच्या भरवशावर नियमित औषध सोडू नये.

*‘मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले तर मुलाला वेडा म्हणतील.’* भीती व उदासी हे उपचाराने बरे होणारे त्रास आहेत. पुष्कळदा गोळीचीही गरज लागत नाही, समुपदेशन पुरते.

*‘मोठे झाल्यावर आपोआप जाईल.’* काही मुलांचा त्रास कमी होतो, सर्वांचा नाही. तोवर हुकलेली शाळा आणि गमावलेला आत्मविश्वास परत मिळत नाही.

तातडीची लक्षणे : तेव्हा थांबू नका

मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वासागणिक फासळ्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडले असतील, मूल गळून गेले असेल किंवा पंपाने आराम पडत नसेल तर तातडीने रुग्णालयात न्यावे. मुलाला ताठ बसवावे, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे स्पेसरमधून पंप द्यावा आणि स्वतःचा आवाज शांत ठेवावा. अन्न किंवा कीटकदंशानंतर ओठ-जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप, चक्कर असे एकत्र दिसले तर डॉक्टरांनी दिलेले अ‍ॅड्रिनलिन वापरावे व मदत बोलवावी.

घबराटीच्या झटक्यातही श्वास भराभर चालतो, बोटांना मुंग्या येतात आणि दमाच आहे असे वाटते. दम्याचा रुग्ण असलेल्या मुलात हा निर्णय घरी करू नये. आधी दमा समजूनच उपाय करावा.

मूल मरणाविषयी बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा ‘मी नसलो तर बरं’ म्हणत असेल, तर त्याला एकटे सोडू नये, औषधे व धारदार वस्तू दूर ठेवाव्यात आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. असे विचार येतात का, हे स्पष्ट विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत. उलट मुलाला बोलायला वाट मिळते.

मदत कोठे मिळेल?

- आणीबाणी : ११२. रुग्णवाहिकेसाठी दिल्लीत १०२, महाराष्ट्रात १०८.
- टेली-मानस : १४४१६. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. पालक आणि मूल दोघांनीही फोन करावा.
- मनोदर्पण : ८४४८४४०६३२. विद्यार्थी, पालक व शिक्षकांसाठी शिक्षण मंत्रालयाची समुपदेशन सेवा.
- चाइल्डलाइन : १०९८. मुलाला छळ किंवा धोका असल्यास.
- रुग्णालये : प्रथम आपले नोंदणीकृत सीजीएचएस केंद्र किंवा जवळचे सरकारी आरोग्य केंद्र. पुढील उपचारासाठी लक्ष्मीबाई नगरहून जवळच असलेली एम्स व सफदरजंग ही रुग्णालये. दोन्ही ठिकाणी बालरोग आणि मनोविकार असे दोन्ही विभाग आहेत. एका भेटीत दोन्हींची चौकशी करता येईल.

डॉक्टरांकडे जाताना ही वही सोबत न्या

चार आठवडे दररोज एका ओळीत नोंद करावी : रात्री किती वेळा जाग आली, आराम देणारा पंप किती वेळा लागला, शाळा बुडली का, मूल खेळले का, आणि दिवसभराचा मनःस्थितीचा शेरा – आनंदी, चिडलेले, उदास किंवा घाबरलेले. शेवटचा रकाना मुलाने स्वतः भरावा. औषधांची नावे आणि ती कधी सुरू झाली ती तारीखही लिहावी. रात्रीची जाग आणि सकाळची चिडचिड एकाच पानावर शेजारी-शेजारी दिसली की डॉक्टरांना, आणि आपल्यालाही, पुष्कळ काही उमगते.

भेटीत डॉक्टर छातीबद्दल विचारतीलच. मनाबद्दल त्यांनी विचारले नाही तर आपण सांगावे. रात्रभर जागणाऱ्या आईवडिलांनी स्वतःच्या थकव्याविषयीही बोलावे. थकलेल्या पालकाला धीर देणे अवघड जाते, आणि त्यासाठी मदत मागण्यात कमीपणा नाही.

अ‍ॅलर्जी बहुधा समूळ जात नाही, पण ती चांगली आटोक्यात ठेवता येते. ती आटोक्यात असलेले मूल रात्रभर झोपते, मैदानात धावते, सहलीला जाते आणि वर्गात हात वर करते. आपल्या मुलाचे या चार गोष्टींपैकी काय राहून जाते आहे, हे आज त्याला विचारा.